यंत्राच्या दारातले दोन पहारेकरी

या अंकात दरवर्षी नोकरीचे अनुभव लिहिणारी माणसे पेन्शनीत गेलेली असतात. कुणी स्टेशनमास्तर, कुणी कंपाउंडर. माझे काम अजून तीन वर्षांचेही नाही आणि ती धड नोकरीही नाही. शिकता शिकता कॉलेजातच रोज चार तास करायचे ते काम आहे. संपादकांना मी तसे कळवले. त्यांनी उलट टपाली लिहिले, की यंत्राजवळ बसणारा माणूस आम्हाला आपल्या भागात दुसरा कोण सापडणार, तेव्हा लिहाच. म्हणून लिहितो. यात काही चूक झालेली दिसली तर ती यंत्राची समजू नये, माझी समजावी. मला सांगायचे आहे तेही तेवढेच आहे.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात सांगलीला आमच्या कॉलेजात संगणक आला. दोन गोदरेजची कपाटे शेजारी शेजारी ठेवावीत एवढा तो दिसतो. त्याला पडदा वगैरे नाही. समोर एक टेलिप्रिंटर आहे, तारघरात असतो तसा. त्याच्या बटणांवर इंग्रजी अक्षरे मारायची, ती कागदाच्या रिळावर उमटतात, आणि यंत्राला काही सांगायचे असेल तर तेही त्याच रिळावर खडखडत उमटते. आपण एक ओळ लिहायची, त्याने एक ओळ लिहायची, असा तो संवाद असतो. पाहायला येणाऱ्या लोकांची यात फार निराशा होते. दिवे लुकलुकतील, यंत्र बोलेल, अशा कल्पनेने ते येतात. माझी आई एकदा आली, तिने ते पाहिले आणि विचारले, "ह्यो शिलाई मारतो का?"

मी माण तालुक्यातला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे. दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. टेलिप्रिंटरवर बसण्यासाठी माझी निवड झाली ती हुशारीमुळे नव्हे; हर्डीकर सरांनी सात मुलांना एक पान टाइप करायला दिले, त्यात मी सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत कमी चुकांचा निघालो.

यंत्राच्या खोलीत आम्ही चौघे. हर्डीकर सर अमेरिकेत शिकून आलेले, बोलणे मोजके. दुसरे सुभेदार जाधव. हे सातारच्या बाजूचे. फौजेत सिग्नलमध्ये तेवीस वर्षे तारा पाठवण्या-घेण्याचे काम करून आलेले. टेलिप्रिंटर दुरुस्त करणारा माणूस म्हणून कॉलेजने त्यांना ठेवले होते. तिसरा मी. आणि चौथ्या शालिनीताई. त्या आष्ट्याच्या. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्याने आपली ऊसनोंद आमच्या यंत्रावर करून पाहायची ठरवली, तेव्हा फॉर्मचे गठ्ठे घेऊन रोज आष्ट्याहून एसटीने येणाऱ्या त्या कारखान्याच्या तात्पुरत्या कारकून होत्या. कुणी कुठल्या गावात किती ऊस कधी लावला, यावरून कुणाचा ऊस कधी तोडायचा तो क्रम ठरतो. ती यादी वेळेवर आणि बिनचूक निघाली तर शालिनीताई कायम होणार होत्या. त्यांच्या शेतकी अधिकाऱ्यांनी तसे सरांसमोर सांगितले होते. त्याच वेळी त्यांनी असेही म्हटले होते, की मुलीला मशीनवर बसवायची ही कल्पना माझी नव्हे.

आता यंत्राच्या दाराविषयी. बाहेरच्या माणसाला हे कुणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपण टेलिप्रिंटरवर जी ओळ लिहितो ती थेट यंत्राच्या पोटात जात नाही. मध्ये एक कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, बसलेला असतो. तो आपली ओळ वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि आतल्या यंत्राकडून काम करून घेतो. सर त्याला शेल म्हणत. शेल म्हणजे कवच. आत खोबरे आणि बाहेर करवंटी, आपला हात लागतो तो करवंटीला. सुभेदारांना करवंटी पटली नाही. ते म्हणाले, हा दारावरचा पहारेकरी. मला ते लवकर समजले.

आमच्याकडे असे पहारेकरी दोन होते. पहिला यंत्राबरोबर कंपनीकडूनच आलेला. तो दोन अक्षरांच्या आज्ञा घेई आणि मुकाट्याने पाळी. एखादी यादी काढून टाक म्हटले की टाकली. का, कशासाठी, नक्की का, काही नाही. समजले नाही तर फक्त एक प्रश्नचिन्ह छापी. दुसरा सरांनी स्वतः लिहिला होता. त्याला पूर्ण शब्द चालत, तेही मराठी, फक्त इंग्रजी अक्षरांत. आणि काही पुसायच्या आधी तो विचारी: KADHU? म्हणजे काढू? H मारले म्हणजे हो, N मारले म्हणजे नाही. तो थोडा सावकाश चाले, पण माणसाशी माणसासारखे वागे.

सकाळी यंत्र सुरू केल्यावर दोघांपैकी कोण आपोआप उभा राहावा, रोजच्या कामाला कोणता वापरावा, हे ठरवायचे होते. सर म्हणाले, "बिरदेव, सगळ्यात जास्त वेळ तू बसणार. तू ठरव."

आयुष्यात मला कुणी असे काही ठरवायला सांगितले नव्हते. मी दोन दिवस मागितले. दोन्हींवर बसून पाहिले. पहिल्यापुढे मी प्रत्येक अक्षर दोनदा तपासून मगच बटण दाबी. एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर कुणाचे तरी आठवड्याचे काम जाणार. दुसऱ्यापुढे मी निवांत असे. तो विचारतो ना. चुकलो तरी अडवील. मी सरांना सांगितले, विचारणारा ठेवू.

सुभेदारांना ते आवडले नाही. चहा पिताना ते म्हणाले, "पोरा, संत्री रातीला हटकतो, कोण हाय? मग त्याला पासवर्ड सांगायचा. त्यो पासवर्ड रोज बदलत्यात, का ठावं हाय?"

मी म्हणालो, शत्रूला कळू नये म्हणून.

"त्ये हायच. पर दुसरं बी हाय. रोज त्योच शबुद असला तर सांगणारा झोपंत सांगतो आन ऐकणारा झोपंत ऐकतो. तुझा संत्री रोज एकच इचारणार, तू रोज एच मारणार. लय दिस न्हाई चालायचं."

ते स्वतः पहिलाच वापरत राहिले. त्याला ते माझा दोस्त म्हणत. प्रत्येक ओळ मारून झाली की शेवटचे बटण दाबण्याआधी ती मोठ्याने वाचत, आणि खोलीत कुणी असेल तर त्याने "बरोबर" म्हणेपर्यंत थांबत. फौजेत तार घेणारा ती परत वाचून दाखवतो आणि पाठवणारा बरोबर म्हणतो, त्याशिवाय तार पोचली असे धरत नाहीत. आम्हाला त्याचे हसू येई. शालिनीताई न ऐकताच "बरोबर, बरोबर" म्हणून टाकत. मग सुभेदार म्हणत, "ताई, तुमी तर न पोचलेलीबी तार पोचवताय."

शालिनीताईंना माझी निवड सोयीची वाटली. त्यांना यंत्राची भीती होती, ती महिनाभरात गेली. त्यांची बोटे माझ्यापेक्षा वेगाने चालत. कारखान्याच्या गावांचे आठ गट होते. प्रत्येक गटाची आठवडाभर एक कच्ची यादी तयार होई, ती तपासून पक्क्या यादीत मिसळली जाई, आणि शनिवारी कच्च्या आठ पुसून जागा मोकळी करायची. या साफसफाईत यंत्र एकेक यादीचे नाव छापून विचारी, काढू? आधी आठ कच्च्या येत, मग आठ पक्क्या. आठ वेळा H, आठ वेळा N. दोघांपैकी जो मोकळा असेल तो ते करी.

पहिले दोन शनिवार मी प्रत्येक नाव वाचले. नंतर कधी वाचायचे थांबलो ते मला सांगता येत नाही. एवढे आठवते, की पुढे पुढे मी फक्त मोजत असे. आठ आणि आठ. यंत्र नाव छापून पुरे करायच्या आत माझे बोट बटणावर गेलेले असे. आणि या वेगाचा मला अभिमान वाटू लागला होता. सगळ्यांत हळू म्हणून निवडलेला मी.

दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी शालिनीताई आणि मी आलटून पालटून बसत होतो. सुभेदार टेलिप्रिंटरचा एक सुटा भाग घेऊन गावात गेले होते. जेवणाच्या आधी मी साफसफाई केली. आठ वेळा H, आठ वेळा N. शेवटच्या N ला यंत्राने प्रश्नचिन्ह छापले. यंत्राचे विचारून संपले होते, माझे एक उत्तर उरले होते. मी ते रीळ पुढे सरकवले आणि जेवायला गेलो.

तीन वाजता शालिनीताईंनी औंध गटाची पक्की यादी मागितली. यंत्र म्हणाले, अशी यादी नाही. त्यांनी पुन्हा मागितली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला उरलेले ते एक उत्तर आठवले.

सकाळी सुभेदारांनी आपल्या न बोलणाऱ्या दोस्ताकडून एक कच्ची यादी आधीच पुसून घेतली होती. ती तपासून झालेली होती, त्यामुळे त्यांचे काही चुकले नव्हते. पण त्यामुळे कच्च्या सातच उरल्या होत्या. पक्क्यांत पहिले नाव औंधचे, म्हणून आठवा H औंधला लागला. दर शनिवारी याद्यांची एक प्रत भोकाभोकांच्या कागदी टेपवर काढून ठेवायची पद्धत होती, पण कोऱ्या टेपची मागवलेली रिळे आली नव्हती. शेवटची टेप तीन आठवड्यांपूर्वीची होती. तीन आठवड्यांत शालिनीताईंनी घातलेली अकरा गावे गेली. तिकडे पाणी नव्याने आलेले, बहुतेकांचा पहिलाच ऊस.

सरांनी रीळ उलगडून वाचले. त्यावर सगळे होते. औंधचे नाव, प्रश्न, H. कुणाचे बोट, एवढे नव्हते. त्यांनी शांतपणे विचारले, "साफसफाई कुणी केली?"

मी बोलणारच होतो. खरेच बोलणार होतो. पण त्याआधी शालिनीताई म्हणाल्या, "माझ्याच हातनं झालं असंल, सर. मला आठवतच न्हाई. कुलूप लावलं का न्हाई ते रस्त्यात आठवत न्हाई, तसं झालंय. हात आपोआप चालत्यात."

सरांनी माझ्याकडे पाहिले. मी रिळाकडे पाहिले.

पाच वाजता कारखान्याचा माणूस गठ्ठे न्यायला येई. शालिनीताईंनी त्याच्याबरोबर शेतकी अधिकाऱ्यांना चिठ्ठी दिली: औंध गटाची यादी माझ्या चुकीने गेली आहे, फॉर्म परत पाठवावेत. चिठ्ठी लिहिताना त्यांनी माझेच पेन घेतले होते.

रविवारी मी आष्ट्याला गेलो, शालिनीताईंकडे नव्हे. त्या दिवसांत आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मेंढरे आष्ट्याच्या शिवारात बसायला आली होती. खतासाठी शेतकरी मेंढरे बसवून घेतात, त्यामुळे दसऱ्यानंतर आमचे घर इकडेच येते. मी पोचलो तेव्हा आबा वाघर सोडत होते. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावतात ती जाळी. तिचे एक टोक उचलून ते उभे होते आणि मेंढरे त्यांच्या पायाजवळून बाहेर पडत होती. मी शेजारी उभा राहून सवयीने मोजू लागलो. माझे एकशे बारा झाले.

"एकशे बारा," मी म्हणालो.

"असतील," आबा म्हणाले. "मोरी मागं राहिलीया. तिचा पाय दुखतोय."

त्यांना शंभराच्या पुढे नीट मोजता येत नाही. लहानपणी मला याची लाज वाटत असे. मी त्यांना सगळे सांगितले. यंत्र वगळून, म्हणजे मोजता मोजता दुसऱ्या कुणाचे महत्त्वाचे ते मी हाकलून दिले असे. ते ऐकत राहिले. मोरी मेंढी लंगडत आली तेव्हा त्यांनी तिचा पाय उचलून पाहिला आणि खाली ठेवला.

"मोजतोस कशाला?" ते म्हणाले. "तोंड बघायचं. एकशे बारा म्हंजी काय? उद्या दुसऱ्याचं एक घुसलं आन आपलं एक गेलं, तरी एकशे बाराच की."

मग वाघर गुंडाळता गुंडाळता विचारले, "ज्याचं गेलं त्याला सांगितलंस का?"

मी नाही म्हणालो. ते मेंढरांमागे चालू लागले. रागावले असते तर बरे झाले असते.

सोमवारी साडेदहाला मी सरांच्या टेबलापुढे जाऊन सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "हे मला नंतर," ते म्हणाले. "आधी तिला."

शालिनीताई टेलिप्रिंटरवर बसल्या होत्या. परत आलेल्या फॉर्मचा गठ्ठा मांडीवर होता. मी उभ्या उभ्या सांगितले. त्यांनी हातातला फॉर्म खाली ठेवला.

"शनिवारी चार वाजता बोलला असतास तर चिठ्ठी गेली नसती," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, हो.

"दोन दिवस मी घरात आईला सांगतीय, माझंच चुकलं, माझंच चुकलं." त्यांनी गठ्ठ्याची दोरी माझ्याकडे सरकवली. "बस. गठ्ठा सोड."

तेवढ्यात सुभेदार आले. त्यांनी शनिवारी सकाळी आपण पुसलेली यादी आठवून सांगितली आणि म्हणाले, "माझा दोस्त बोलत न्हाई, म्हनून मीबी बोललो न्हाई. निम्मं माझं धरा." शालिनीताई म्हणाल्या, सुभेदार, तुमचं धरून माझं कमी होत असतं तर धरलं असतं.

आठ दिवस आम्ही तिघे बसलो. सुभेदार फॉर्म वाचत, शालिनीताई टाइप करत, मी रिळावरून परत वाचून दाखवी, आणि त्या "बरोबर" म्हणाल्याशिवाय पुढचे नाव घ्यायचे नाही, असा नियम सुभेदारांनी घातला. या वेळी कुणी हसले नाही. मला त्या अकरा गावांतली नावे अजून पुष्कळशी पाठ आहेत. यादी गळीत सुरू व्हायच्या आत निघाली. औंधकडच्या कुणाचा ऊस चुकीच्या क्रमाने तुटला नाही, याची मी मागाहून दोन-तीन ठिकाणी विचारून खात्री केली.

पण शालिनीताई कायम झाल्या नाहीत. मी कारखान्याला पत्र लिहिले, सरांनी स्वतंत्र लिहिले. शेतकी अधिकारी नंतर एकदा आले तेव्हा सरांना म्हणाले, तुमच्या विद्यार्थ्याचे पत्र मिळाले, पण चिठ्ठी बाईंच्या हातची आहे आणि ती आधी फाइलला लागली आहे. शालिनीताईंना औंधच्या गट ऑफिसात पाठवले, तात्पुरत्याच. आई आष्ट्यात एकटी, आणि यांनी तिकडे खोली घेतली. जाताना त्या आम्हा तिघांना सांगून गेल्या. माझ्याशी वेगळे काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर सरांनी मला पुन्हा विचारले, रोजच्या कामाला कोणता ठेवायचा? मला वाटले होते, ते आता स्वतःच ठरवतील. मी या वेळी आठवडा मागितला.

माझी चूक अशी झाली, की मला धीर देणारा तो मी निवडला. ज्याच्यापुढे भीती वाटत नाही तो चांगला, असे मी धरून चाललो. पण सुभेदारांचा मुका दोस्त माणसाला जागे ठेवतो. तो विचारणार नाही हे माहीत असते, म्हणून आपण स्वतःला विचारतो. मी आता तोच वापरतो. तरी सगळ्यांवर तो लादावा असे मला वाटत नाही. नव्याने बसणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी धाकात ठेवून काम शिकवता येत नाही, शालिनीताई त्याच्यापुढे कधी शिकल्या नसत्या. म्हणून मी सरांना म्हणालो, विचारणाराच सकाळी उभा राहू दे, फक्त त्याचा प्रश्न बदला. H घेऊ नये. जी यादी काढायची तिचे पूर्ण नाव माणसाने टाइप केले तरच काढावी.

सर म्हणाले, लोकांना त्रास होईल. मी म्हणालो, व्हावा. सरांपुढे मी एवढे ठामपणे प्रथमच बोललो. त्यांनी दोन दिवसांत बदल केला. सुभेदारांनी पाहिले आणि म्हणाले, "आता तुझ्या संत्र्याचा पासवर्ड रोज बदलतोय." तरी ते आपल्या दोस्ताकडेच परत गेले.

गेल्या हंगामाच्या शेवटी जुन्या याद्या टेपवर घेऊन पुसायच्या होत्या. त्या दिवशी शालिनीताई नव्या लागणीच्या फॉर्मचा गठ्ठा घेऊन औंधहून आल्या. त्या अजून तात्पुरत्याच आहेत. सुभेदारांनी चहा मागवला. मी विचारणाऱ्या पहारेकऱ्यापुढे बसलो होतो, कारण तो बदललेला मला त्यांना दाखवायचा होता. एकेक नाव टाइप करत मी औंधपाशी आलो. यंत्राने नाव छापले आणि थांबले. त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

मी AUNDH ही पाच अक्षरे मारली. शेवटचे बटण दाबायच्या आधी ओळ मोठ्याने वाचली, आणि थांबलो.

त्यांनी वाकून रिळावरचे नाव वाचले. घाई केली नाही. मग कच्च्या यादीची टेप झाली आहे का, पक्कीची झाली आहे का, विचारले. दोन्ही टेपा मी काढून त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि टेपा परत दिल्या.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "काढ आता."